पान्हा, माज आणि चारा : फरीदाबादच्या गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

सूरदासांचे जन्मस्थान कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आग्र्याजवळचे रुनकता हे एक नाव घेतले जाते आणि बल्लभगडजवळचे सीही हे दुसरे. पुष्टिमार्गीय परंपरेने मानलेले हे सीही आता फरीदाबाद शहराच्या वस्तीत सामावून गेले आहे. भारतीय काव्यात वात्सल्याला ज्याने स्वतंत्र रसाची प्रतिष्ठा मिळवून दिली त्या कवीशी परंपरेने जोडलेले गाव आज राजधानीच्या औद्योगिक परिसरात आहे, आणि त्याच परिसरातील गोठ्यांतून दिल्लीला दूध जाते. वात्सल्य हा शब्द मुळात 'वत्स' म्हणजे वासरू यावरून आलेला आहे. वासराला पाहून गाईला जे होते ते वात्सल्य. माणसांच्या मायेला हे नाव नंतर मिळाले. या भागातील अनेक गोठ्यांत वासरू किंवा रेडकू पुढे न आणताच धार काढली जाते आणि त्याची जागा एका सुईने घेतलेली असते. ही सुई नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेतल्याशिवाय जनावरांतील संप्रेरके आणि पोषण यांचा परस्परसंबंध उलगडत नाही.

आरंभ एका शब्दापासून करणे सोयीचे आहे. मराठीत गाय किंवा म्हैस 'पान्हावते'. तिला 'पान्हा फुटतो'. भीतीने किंवा अनोळखी हाताने ती 'पान्हा चोरते'. संस्कृत 'प्रस्नव', प्राकृत 'पण्हव' आणि त्यातून मराठी 'पान्हा' अशी ही वाट आहे. हिंदी प्रदेशातील 'पन्हाना' हे क्रियापद त्याच कुळातले. या शब्दाचा अर्थ 'दूध' असा नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कासेत असलेले दूध सडाकडे उतरण्याची जी क्रिया, तिचे हे नाव होय. कासेत दूध असणे आणि ते उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद शरीरक्रियाविज्ञानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केला. गुराख्याच्या भाषेने तो कितीतरी आधी नोंदवून ठेवला होता. संतवाङ्मयात ईश्वर किंवा गुरू यांना धेनू अथवा माउली मानून भक्ताच्या हाकेने पान्हा फुटल्याची प्रतिमा वारंवार येते, तिचे बळही याच भेदात आहे. कृपा आधीपासूनच भरलेली आहे, ती उतरण्यासाठी वासराची हाक लागते, असे ते रूपक सांगते.

हाक ऐकल्यावर देहात जे घडते ते असे. कासेच्या आत द्राक्षांच्या घडासारख्या असंख्य सूक्ष्म कूपिका असतात. त्यांच्या भिंतींतील पेशी रक्तातून द्रव्ये घेऊन दूध तयार करतात आणि ते कूपिकांत साठत राहते. प्रत्येक कूपिकेभोवती आकुंचन पावू शकणाऱ्या पेशींचे जाळे असते. वासराने सडाला ढुसण्या दिल्या, किंवा धार काढणाऱ्याने कास चोळून धुतली, की सडातील मज्जातंतू ही वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पोचवतात. तेथे तयार झालेले ऑक्सिटोसिन पिट्यूटरी ग्रंथीच्या मागील खंडातून रक्तात उतरते, कासेपर्यंत येते आणि ते जाळे आवळते. कूपिका पिळल्या जाऊन दूध नलिकांतून खाली येते. या पिट्यूटरीला मराठी परिभाषेत 'पोष ग्रंथी' असे सुंदर नाव आहे. संदेश रक्तातून जात असल्यामुळे पान्हा फुटायला थोडा अवधी लागतो आणि हे संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच निकामी होत असल्यामुळे पान्हा फार वेळ टिकत नाही. निष्णात हात धार लवकर उरकतो, त्याचे कारण हेच.

या संप्रेरकाचा शोध दुधाच्या अंगाने लागलेला नाही. हेन्री डेल यांना १९०६ मध्ये पोष ग्रंथीच्या अर्काने मांजरीच्या गर्भाशयाचे आकुंचन होते असे आढळले, आणि त्यावरून पुढे 'जलद प्रसूती' या अर्थाच्या ग्रीक शब्दांतून त्याचे नाव बनले. चार वर्षांनी, १९१० मध्ये, ऑट आणि स्कॉट यांनी त्याच अर्काने शेळीचे दूध उतरते असे दाखवले. केवळ नऊ अमिनो आम्लांची ही साखळी व्हिन्सेंट द्यू विग्नो यांनी १९५३ मध्ये उकलली आणि कृत्रिमरीत्या तयारही केली. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. जे द्रव्य पूर्वी कत्तलखान्यातील ग्रंथी गोळा करून थोडेथोडके मिळे, ते आता कारखान्यात हवे तेवढे तयार होऊ लागले. गोठ्यातील सुईची वाट तेथून मोकळी झाली.

ही सुई विशेषकरून म्हशीच्याच वाट्याला का आली, याचे उत्तर कासेच्या रचनेत आहे. गाईच्या कासेतील सुमारे एक पंचमांश दूध सडाच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेले असते. पान्हा फुटण्यापूर्वीही तेवढे हाती लागते. म्हशीत हे प्रमाण जेमतेम वीसात एक. बाकीचे सगळे दूध वर कूपिकांत अडकलेले. म्हशीला पान्हा फुटायला वेळही गाईहून अधिक, दोन-तीन मिनिटे आणि कधी त्याहून जास्त लागतो. हरियाणाची मुऱ्हा म्हैस दुधाच्या बाबतीत जगप्रसिद्ध आहे, पण तिने मनावर घेतले नाही तर भांड्यात फारसे काही पडत नाही. 'मनावर घेणे' हा वाक्प्रचार येथे अलंकारिक नाही. जनावर भ्याले, त्याला मार बसला किंवा धार काढणारा बदलला, की अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, कासेकडील रक्तवाहिन्या आवळतात आणि ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पोचू शकत नाही. पुष्कळदा मेंदूतून ते सुटतच नाही. उलट ओळखीचा आवाज, ठरलेली वेळ आणि समोर ठेवलेले आंबोण यांनी ते सुटते. घमेल्यात भिजवलेल्या पेंडीचा वास येताच कास भरून आलेली दिसते. अशा रीतीने आंबोण हे एकाच वेळी अन्नही असते आणि निरोपही.

शहरालगतच्या गोठ्याचे अर्थकारण मात्र या निरोपांना वेळ देत नाही. जागा भाड्याची, चारा विकतचा, धार काढणारे मजूर आज आहेत आणि उद्या नाहीत. रेडकाला रोज पाजावे लागणारे दूध हा गोठेवाल्याच्या हिशेबात सरळ तोटा असतो आणि रेडा असेल तर त्याला पुढेही काही भाव नाही. मग ते अर्धपोटी राहते आणि बऱ्याचदा मरते. पूर्वी अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवीत, ती त्याला चाटे आणि पान्हावे. या फसवणुकीतही निदान म्हशीच्या भावनेला विचारावे लागत होते. सुईला तेही विचारावे लागत नाही. मानेत किंवा मांडीत टोचलेले ऑक्सिटोसिन मज्जातंतू, मेंदू आणि माया हे तिन्ही टप्पे ओलांडून थेट कूपिकांवर काम करते.

ही सुई दूध 'वाढवते' असा समज फार पसरलेला आहे. कासेत तयार होऊन पडलेले दूध ती बाहेर काढते, आणि एरवी मागे राहणारा शेवटचा अंशही तिच्यामुळे निघतो. म्हणून एखाद्या वेळच्या धारेला भांडे अधिक भरलेले दिसते. दूध तयार होण्यासाठी लागणारी द्रव्ये मात्र रक्तातून येतात. एक लिटर दूध बनण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरावे लागते आणि त्या रक्तात जे असेल ते चाऱ्यातूनच आलेले असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? रोज टोचलेल्या म्हशीला पुढे सुईवाचून पान्हा फुटेनासा होतो आणि गोठेवाल्याला तिची सवय सोडवता येत नाही, ही हानी वेगळीच.

जनावराला फसवून किंवा छळून पान्हा काढण्याचा इतिहास जुना आहे. हिरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात सिथियन लोकांविषयी लिहिले आहे, की ते बासरीसारख्या हाडाच्या नळ्या घोडीच्या योनीत घालून फुंकीत आणि त्या वेळी दुसरा माणूस दूध काढी. भारतात याच प्रकाराला 'फुका' म्हणत. आज त्याची उपपत्ती लावता येते. जन्ममार्ग ताणला गेला की मेंदूला प्रसूतीची वार्ता जाते आणि ऑक्सिटोसिन सुटते. वासरू बाहेर ढकलणारा आणि दूध उतरवणारा निरोप एकच असल्याने प्रसूतीचा आभास निर्माण करून पान्हा मिळवता येतो. फुका घालणारा माणूस नकळत हायपोथॅलॅमसचेच दार ठोठावीत होता.

या फुक्याने एका जगप्रसिद्ध आत्मचरित्रात जागा मिळवली आहे. कलकत्त्याकडील गोठ्यांत गाई-म्हशींवर होणाऱ्या या अत्याचाराचे वर्णन वाचून गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे खेडा जिल्ह्यातील कामानंतर आमांशाने ते खंगले असता मुंबईच्या डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे सांगितले. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीच्या दुधाला हरकत कोणती, हा मुद्दा कस्तुरबांनी काढला. गांधींनी तो मानला, आणि अक्षर पाळून व्रताचा आत्मा घालवला ही बोच आत्मचरित्रात नोंदवून ठेवली. साहित्याचे अभ्यासक हा प्रसंग सत्य आणि तडजोड यांच्या संदर्भात वाचतात, तसा तो वाचलाच पाहिजे. पण त्याच्या मुळाशी पान्ह्याची एक शारीरिक घटना आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

कायद्यानेही हा शब्द जसाच्या तसा उचलला. १८९० च्या प्राणिक्रौर्यविरोधी कायद्यात फुका आहे. १९६० च्या कायद्याच्या बाराव्या कलमात 'फुका' आणि 'डूम देव' ही दोन्ही देशी नावे इंग्रजी मजकुराच्या मध्यभागी उभी आहेत. इंग्रजी कायद्याला या क्रियेसाठी स्वतःचा शब्द सापडला नाही, ही गोष्ट भाषांतराच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी आहे. १९८२ च्या दुरुस्तीने त्यात कोणतेही द्रव्य टोचण्याचाही समावेश झाला. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक अशी कृती केल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा, अशी तरतूद आहे. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीतील गोठ्यांसंबंधीच्या एका खटल्यात ऑक्सिटोसिनचा असा वापर या कलमाखाली येतो असे सांगून गोठ्यांची दर आठवड्याला तपासणी करण्याचे आदेश दिले. फरीदाबाद त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. दूध मात्र राज्याची सीमा पाहत नाही.

त्याआधी घडलेला प्रसंग अधिक गंभीर होता. गोठ्यांतील गैरवापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनची आयात बंद केली आणि खासगी कंपन्यांना देशांतर्गत वापरासाठी त्याचे उत्पादन करण्यास मनाई केली. बंगळुरूची कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स ही एकच सरकारी कंपनी ते बनवणार होती. हेच द्रव्य बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी प्रत्येक प्रसूतिगृहात लागते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी प्रथम याच औषधाची शिफारस केलेली आहे. देशातील सर्व बाळंतिणींचा पुरवठा एका कारखान्यावर टांगण्याचा हा निर्णय होता. औषध कंपन्या आणि ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क ही संघटना न्यायालयात गेली, आणि १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा निर्णय मनमानी व अवाजवी ठरवून रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हशीचा छळ खरा होता, पण तो थांबवण्यासाठी शोधलेला उपाय स्त्रीच्या जिवावर बेतण्याजोगा होता. दोघींच्या देहांत एकच रेणू तेच काम करतो, हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात पुरेसे आलेले दिसत नाही.

या संबंध वादात दूध पिणाऱ्यांच्या भीतीचा वाटा मोठा होता. सुईच्या दुधाने मुली लवकर वयात येतात, असे उत्तर भारतात सर्रास बोलले जाते. ऑक्सिटोसिन ही अमिनो आम्लांची साखळी असल्यामुळे पोटात गेल्यावर ती इतर प्रथिनांसारखीच पचून तुटते. शिवाय वयात येणे घडवून आणणारी संप्रेरके वेगळी आहेत. या सुईविरुद्धचा खरा आक्षेप जनावराच्या बाजूने आहे. माणसाच्या बाजूने त्याला भीतीची जोड दिली की तो लवकर पटतो, पण खोटाही पडतो.

आता चाऱ्याकडे वळावे. पान्ह्यामागे असलेली दूधनिर्मिती ज्या संप्रेरकांवर चालते त्यांत रवंथ करणाऱ्या प्राण्यांत वाढीच्या संप्रेरकाला विशेष महत्त्व आहे. खाल्लेल्या अन्नातील कोणता भाग अंगावर चढवायचा आणि कोणता कासेकडे पाठवायचा, याची वाटणी ते करते. याच तत्त्वावर अमेरिकेत १९९३ मध्ये गाईंना कृत्रिम वाढसंप्रेरक देण्यास परवानगी मिळाली. कॅनडाने १९९९ मध्ये ते नाकारले आणि युरोपीय संघानेही बंदी घातली. वाद व्यापाराचा आणि प्राणिकल्याणाचा होता, पण त्यातील एक शास्त्रीय मुद्दा आपल्याकडील गोठ्याला फार लागू आहे. उपाशी जनावराच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी नसते, उलट वाढलेले असते. मात्र यकृत त्याला प्रतिसाद देत नाही आणि वाढ प्रत्यक्ष घडवून आणणारा पुढचा दुवा, इन्सुलिनसदृश वाढघटक, तयारच होत नाही. वरून आदेश सुटत राहतात आणि खाली कोठार रिकामे असल्याने ते कोणी पाळत नाही.

चारा हा स्वतःही संप्रेरकांच्या कारभारात ढवळाढवळ करतो. महाराष्ट्रातील गोठ्यात जसा कडबा आणि सरकी पेंड, तसा हरियाणाच्या गोठ्यात गव्हाचा भुसा, बरसीम आणि मोहरीची पेंड. मोहरीच्या कुळात असलेली काही गंधकयुक्त द्रव्ये अवटू ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत. मोहरीची पेंड फार झाली आणि आयोडीन कमी पडले तर ग्रंथी सुजते आणि जनावर मंदावते. सरकीतील गॉसिपॉल नराच्या प्रजननशक्तीवर परिणाम करते; मोठ्या जनावराच्या पोटातील जंतू त्याचा बराच भाग निरुपद्रवी करतात, वासराला ती सोय नसते. या सर्वांत गाजलेले उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ होऊ लागल्या, आणि त्या गवतात स्त्रीसंप्रेरकासारखे वागणारे द्रव्य असल्याचे निष्पन्न झाले. कुरण हिरवेगार होते आणि मेंढ्या धष्टपुष्ट होत्या.

धष्टपुष्टपणा आणि प्रजनन यांचा संबंध मराठीने आणखी एका शब्दात पकडला आहे. गाय 'माजावर' येते. आणि पोटभर खाऊन उन्मत्त झालेला माणूस 'माजतो'. एकाच शब्दात ऋतुकाल आणि अन्नाची समृद्धी एकत्र आली आहे. खपाटीला गेलेली कालवड वयात येऊनही माजावर येत नाही, हे कोणताही शेतकरी सांगतो. तसे का, हे उंदराने सांगितले. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये एक अवाढव्य लठ्ठ उंदीर आढळला. तो सतत खात असे आणि त्याला पिले होत नसत. डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचा रक्तप्रवाह दुसऱ्या उंदराशी जोडून दाखवले, की रक्तातील एखादा निरोप त्याच्यात गायब असला पाहिजे. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या निरोपाचे जनुक शोधले आणि त्याचे नाव लेप्टिन ठेवले. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात, आणि घरात साठा किती आहे याची खबर ते मेंदूला देतात. साठा पुरेसा असल्याची खबर गेल्याखेरीज मेंदू प्रजननाची साखळी सुरू करीत नाही. त्या लठ्ठ उंदराच्या अंगावर चरबी उदंड होती, पण ती कळवणारे कोणी नव्हते, म्हणून त्याचा मेंदू आयुष्यभर दुष्काळ समजून वागला. त्याला लेप्टिन दिल्यावर त्याची भूकही आटोक्यात आली आणि वांझपणाही गेला.

उंदरांचा विषय निघाला की फरीदाबादचे दुसरे रूप समोर येते. गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर भांकरी गावाजवळ केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा मोठा परिसर आहे; २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट आणि रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी या संस्था तेथे आहेत, आणि प्रयोगासाठी लागणाऱ्या लहान प्राण्यांचा विभागही. कोविडच्या काळात येथील हॅम्स्टरांवर झालेले काम पुष्कळांच्या वाचनात आले असेल. गोठ्यातली म्हैस आणि पिंजऱ्यातला उंदीर यांना एकच कायदा लागू आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्या १९६० च्या कायद्यात फुका आहे त्याच्याच चौथ्या प्रकरणात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकाच्या प्रेरणेतून तो कायदा घडला.

प्रयोगशाळेतील प्राण्याच्या बाबतीत पोषण आणि संप्रेरके यांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. येथे चारा मोजून-मापून येतो, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असतो, सगळे काही एकसारखे ठेवलेले असते. तरीही पिंजरा निरोपांपासून मुक्त नाही. माणसाला सुखद वाटणाऱ्या २२ अंशांच्या खोलीत उंदराला थंडी वाजते. त्याला सुमारे ३० अंश लागतात. ऊब टिकवण्यासाठी तो अधिक खातो, त्याची चयापचयाची गती बदलते, आणि लठ्ठपणावरील प्रयोगाचे निष्कर्ष त्याबरोबर सरकतात. त्याच्या खाद्यगोळीत सोयाबीनची पेंड असेल, तर सोयाबीनमधील स्त्रीसंप्रेरकसदृश द्रव्येही तिच्याबरोबर येतात आणि पेंडेच्या प्रत्येक खेपेगणिक त्यांचे प्रमाण बदलते. लातूर-विदर्भाच्या शेतकऱ्याला परिचित असलेले हे पीक अशा रीतीने प्रयोगाच्या आकड्यांत न बोलावता शिरते. मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये तर असे दाखवले, की प्रयोग करणारा पुरुष असेल तर केवळ त्याच्या वासाने उंदरांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक वाढते. त्याने वापरलेला शर्ट ठेवला तरी पुरे. अनोळखी हाताला म्हैस पान्हा चोरते, त्याचीच ही पिंजऱ्यातील आवृत्ती होय.

प्रयोगातील उंदराला पाहणाऱ्याच्या कल्पनाही चिकटतात, याचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेले काम पुढे वाढत गेले, १९५८ मध्ये हैदराबादला हलले आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाले. त्यांचा मूळ विषय अवटू ग्रंथीचा होता, आणि निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या कबुतरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात हे त्यांनीच दाखवले होते. म्हणजे अन्न आणि अंतःस्रावी ग्रंथी यांचा संबंध त्यांना नवा नव्हता. नंतर त्यांनी उंदरांचे गट करून प्रत्येकाला भारतातील एकेका समाजाचा आहार दिला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत वजनदार भरले, त्यामागे पठाण आणि तिसरे मराठा. त्याखाली गुरखा, कानडी, बंगाली, आणि सर्वांत हलके मद्रासी. १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये दिलेल्या व्याख्यानांतून हा प्रयोग जगभर पोचला.

ही क्रमवारी वाचणाऱ्याला ब्रिटिश सैन्यभरतीतील 'लढवय्या जातीं'ची यादी आठवल्याशिवाय राहत नाही. प्रयोगाच्या रचनेने मात्र त्या यादीचा पाया काढून घेतला आहे. उंदीर सगळे एकाच वंशाचे होते. फरक होता तो ताटाचा, त्यातही प्रामुख्याने दूध-लोण्याचा, डाळी-भाज्यांचा आणि कसदार धान्याचा. शीख आहारातील दूध मद्राशाच्या ताटात ठेवले असते तर मद्रासी उंदीर वाढला असता. 'मराठा उंदीर' हा शब्दप्रयोग आज हसू आणतो. पण मराठा, बंगाली, मद्रासी ही विशेषणे माणसांना लावताना रक्त आणि रस्सा यांची जी गल्लत केली जाते, ती करू न देणारा हा प्रयोग आहे. वासाहतिक ज्ञानव्यवहाराची चिकित्सा करताना त्याचे शीर्षक तेवढे वाचून भागणार नाही.

ताट बदलले की सगळे लगेच बदलते, असेही मात्र नाही. पुण्यात उंदरांची एक वसाहत पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवण्यात आली. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरील निष्कर्ष २०१५ मध्ये 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात मांडले. या उंदरांची पिले जन्मतः हलकी, पण पोटात चरबी अधिक, इन्सुलिनला त्यांचा देह दाद देईना, आणि त्यांच्यात ब-१२ व फोलेट कमी. मधुमेह उत्पन्न करणारे रसायन दिल्यावर तो होण्याची शक्यता इतर उंदरांच्या आठपट. त्यानंतर त्यांना दोन पिढ्या भरपूर खाऊ घालण्यात आले, तरी हे दोष गेले नाहीत. इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या वेष्टनावर उपासमारीने केलेल्या खुणा कायम राहिल्या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे या कामातील एक सहकारी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात त्यांना सरासरी २.७ किलोची बाळे आढळली होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांहून ती कितीतरी लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तितकीच. दिसायला काटकुळी आणि आतून लठ्ठ, अशी ही बाळे. दुष्काळ संपल्याची वार्ता त्यांच्या देहापर्यंत अजून पोचलेली नाही, असे लेप्टिनच्या भाषेत म्हणता येईल.

गोठ्यातील वासरांवर पन्नास पिढ्यांचा प्रयोग करण्याइतके माणसाचे आयुष्य नाही. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की पहिल्या काही आठवड्यांत दूध अधिक पाजून जोमाने वाढवलेल्या कालवडी मोठ्या होऊन पहिल्याच वेतात अधिक दूध देतात. फरीदाबादच्या गोठ्यात जी रेडी पहाटे खुंट्याला बांधून ठेवलेली असते आणि सगळे दूध काढून झाल्यावर जिला रिकाम्या कासेला तोंड लावू दिले जाते, ती तीन-चार वर्षांनी त्याच दावणीला म्हैस म्हणून उभी राहणार असते. तिच्या कासेत दूध किती असेल, याचा निम्मा निकाल त्या पहाटेच लागलेला असतो. मग गोठेवाला सुई काढतो.